मिटते ती जिती

डॉ. भालचंद्र मेथरांनी टाकीवरून हात फिरवला आणि थोरलीने त्याची दखलसुद्धा घेतली नाही.

त्यांनी पुन्हा फिरवला. दिव्याखालून पाच बोटांची सावली पाण्यात उतरली, निळ्या-जांभळ्या झालरीवरून सरकली आणि पलीकडे निघून गेली. थोरली, केंद्रातली सगळ्यांत मोठी महाशिंपली, होती तशीच. शिंपल्याच्या दोन्ही काठांवरून झालर खाली सोडून, दुपारी अंगणात पदर पसरून बसलेल्या बाईसारखी ऐसपैस.

"ढिम्म," मेथर म्हणाले. "आठवडाभर हेच चाललंय. पराडकर, हिच्यावर काट मार."

"हो सर," पराडकर म्हणाला.

जयवंत पराडकर हा मेथरांचा उजवा हात. पंधराएक वर्षं तो या प्रयोगशाळेत होता आणि त्याचं कामही चोख होतं. फक्त 'हो सर' आणि 'नाही सर' यांपैकी दुसरं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मेथरांना त्यात काही खटकत नसे. कुणाला खटकेल?

हे सागरबीज केंद्र आचऱ्याच्या सड्यावर, उंच कातळावर होतं. खाली समुद्र दिसायचा, पण तो बघायला आताशा कुणी थांबत नसे. पाणी इतकं तापलं होतं की प्रवाळं पांढरी पडून केव्हाच मेली, आणि त्यांच्यामागोमाग शिंपमर नावाचा रोग आला. त्याने किनाऱ्यावरची कालवं नेली, तिसऱ्या नावाच्या छोट्या शिंपल्या नेल्या, खुबे नेले. ज्या गावात पोरं ओहोटीला टोपली घेऊन जायची, तिथे आता पोरांना शिंपला म्हणजे काय ते चित्रात दाखवावं लागे. या सगळ्यातून वाचल्या त्या मूठभर महाशिंपल्या. दूरच्या एका बेटावरून, शेवटच्या प्रवाळातून त्या उचलून आणल्या होत्या. जगात त्यांच्या जातीचं दुसरं कुणी उरलं असेल, असं मानणारा शास्त्रज्ञ राहिला नव्हता.

महाशिंपली हा मोठा समंजस प्राणी. ती कुणाच्या मागे धावत नाही, कुणाला मारत नाही. तिच्या झालरीत एक सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याला केंद्रात 'बिऱ्हाडी शेवाळ' म्हणत. शिंपली उघडी राहून झालर उन्हात पसरते, शेवाळ त्या उन्हावर साखर बनवतं आणि भाडं म्हणून त्यातली बरीचशी शिंपलीला देतं. ऊन मिळालं की दोघांचं पोट भरतं. आणि झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली एवढंच कळतं. सावली पडली म्हणजे वर मासा असेल, मासा असेल तर झालर कुरतडेल, म्हणून शिंपली खटकन मिटते.

आता या मूठभरांतून एकच निवडायची होती. केंद्राने 'बंदसागर' बांधला होता. घराएवढी, काचेने कायमची मोहोरबंद केलेली खाऱ्या पाण्याची टाकी. बाहेरच्या पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शिंपमर आत जाईल, म्हणून एकदा बंद केली की पुढची बारा वर्षं ती उघडायची नाही. सरकारने थंडाव्यासाठी जेवढी वीज दिली होती, तेवढ्यात एकच टाकी गार राहू शकत होती. बंदसागर सुरू झाला की बाकीच्या टाक्या बंद. एक शिंपली पुरेशी होती, कारण नर आणि मादी तिच्यात एकत्रच असतात. ती जगली, वयात आली, तर तिच्या एकटीपासून लाखो पिल्लं होणार होती. ती मेली तर जात संपली. निवडायचं काम मेथरांचं होतं, आणि ते काम आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती.

त्यालाही कारण होतं. मेथर मासेमारी करणाऱ्या गाबिताच्या घरातले. लहानपणी मालवणात आई तिसऱ्या धुवायला बसली की हा घमेल्यापाशी उकिडवा बसायचा. एखादी उघडी दिसली की आई तिच्यावर नखाने टकटक करायची. "ह्या बघ, बाळू. मिटता ती जिती. उघडी रवता ती मेली, ती टाकून दी." पुढे बाळूचा डॉ. मेथर झाला, परदेशात शिकून आला, आणि आईच्या त्या नखाची त्याने छायाकसोटी केली. शिंपलीवर सावली टाकायची, मिटायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जी चटकन मिटते तिचे डोळे, नसा, स्नायू सगळं जागेवर. जी मिटत नाही ती आतून गेलेली. हे चुकीचं नव्हतं, कसोटी खरंच चांगली होती. मेथर ही गोष्ट प्रत्येक भाषणात सांगत. प्रयोगशाळेच्या दारावर पितळी पाटी होती, 'मिटते ती जिती'. खाली आईचं नाव होतं. आई ती पाटी बघायला राहिली नव्हती.

"काट मारू नका," मागून आवाज आला.

डॉ. नलिनी रेडकर चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. बाई वेंगुर्ल्याच्या, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या. केंद्रात मेथरांना नुसतं 'मेथर' म्हणणारी ही एकच व्यक्ती.

"बाई, आता काय?"

"तुम्ही हिची कसोटी दिवसातून किती वेळा घेता?"

"जितक्या वेळा घ्यावी लागेल तितक्या वेळा. ही सगळ्यांत मोठी आहे. हिला टाकायचं तर पूर्ण खात्री नको?"

"तिथेच घोळ झालाय." रेडकरांनी कप खिडकीत ठेवला. "ही दाराशी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याची सावली तिच्यावर पडते. वर तुमचा हात. पहिल्या दिवशी ती मिटली होती ना?"

"मिटली होती."

"दुसऱ्या दिवशी?"

"मिटली, जरा उशिरा. मग आणखी उशिरा. म्हणजेच खालावत गेली."

"म्हणजेच शिकत गेली. मेथर, मिटण्याचा खर्च असतो. जेवढा वेळ मिटून, तेवढा वेळ उपाशी. सावली आली आणि काही झालं नाही, पुन्हा आली, पुन्हा काही झालं नाही. शहाणा जीव असेल तर तो काय करेल? त्या सावलीकडे दुर्लक्ष करेल आणि जेवत बसेल. आम्ही याला सरावशमन म्हणतो. गोगलगायीत असतं, माशात असतं, तुमच्या-माझ्यात असतं. रेल्वेलाइनीशेजारचा माणूस गाडीच्या आवाजाने उठतो का?"

"मेलेला माणूसही उठत नाही."

"बरोबर. म्हणून तर वेगळी सावली टाकून बघायची. हात नको. कँटीनमधलं तांदूळ पाखडायचं सूप आणते, ते फिरवा. ओळखीची सावली नसेल तर जिती शिंपली मिटेल, मेलेली मिटणार नाही. एका मिनिटाचं काम आहे."

मेथरांनी हातमोजा काढला. "बाकीच्यांना हाताची कसोटी आणि हिला सुपाची? एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, याला शास्त्र म्हणत नाहीत. सवलत म्हणतात."

"तिची झालर बघा. काठावरची नवी पांढरी वाढ बघा, बोटभर रुंद आहे. रोगी जीव वाढतो का? आणि ती तुमची लाजरी. तिला वाढ म्हणून काही आहे?"

लाजरी कोपऱ्यातल्या टाकीत होती. नाव पराडकरने ठेवलेलं. समोरून कुणी शिंकलं तरी ती मिटायची. मेथरांचा हात टाकीच्या काठावर यायचा अवकाश, खटकन. पहिल्या दिवशीही खटकन, आजही खटकन. मेथरांना ते बघून समाधान वाटे. नसा म्हणजे कशा, तर अशा.

"लाजरी एकदाही चुकलेली नाही," ते म्हणाले.

"एकदाही शिकलेली नाही," रेडकर म्हणाल्या. "उद्या सकाळी मी सूप घेऊन येते."

पराडकर टाकीपाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याला बाईंचं पटलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावरही आलं असेल, पण मेथरांनी तिकडे वळून पाहिलं तेव्हा तो चेहरा नीट झालेला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. केंद्राच्या खोल्यांना धुरकट काचा होत्या. मेथर बोळातून निघाले की त्यांची उंच सावली एकेका काचेवरून सरकायची, आणि आत पाठी ताठ व्हायच्या. गप्पा बंद, पाय टेबलाखाली, माणसं खुर्चीतून अर्धी उठलेली. मेथर काही कुणावर खेकसणारे नव्हते. पण अमक्याला बढती, तमक्याला परदेशी परिषद, हे ठरवताना कोण तत्पर आहे ते त्यांच्या डोळ्यांत भरलेलं असे. जे सावलीला उठत नसत ते एकेक करून दुसरीकडे गेले. कुणी कोचीला, कुणी शिकवायला. मेथरांनी कुणालाच काढलं नाही. ती माणसं आपोआप गळत गेली, आणि उरली ती सगळी खटकन उठणारी. रेडकरबाई तेवढ्या काचेवरून सावली गेली तरी चहा पीत बसायच्या. त्यांना मेथरांची भीती नव्हती, कारण इतक्या वर्षांत त्या सावलीने आपलं काही वाकडं केलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सूप घेऊन आल्या तेव्हा त्यांची प्रवेशचकती दाराला लागेना. दुपारी बदलीचा हुकूम आला. पुण्याला, ग्रंथालय विभागात. मेथर बोळात भेटले तेव्हा म्हणाले, "वरून आलंय, बाई. माझ्या हातात नाही." रेडकरांनी सूप कँटीनमध्ये परत देऊन टाकलं. जाताना पराडकरला म्हणाल्या, "जयवंता, तू तरी एकदा फिरवून बघ रे." पराडकर म्हणाला, "हो मॅडम." त्याने फिरवलं नाही.

लाजरी बंदसागरात गेली. मंत्री आले, भाषणं झाली, झाकण बसलं, सांधे वितळवून एकजीव केले. मेथर भाषणात आईबद्दल बोलले, घमेल्याची गोष्ट सांगितली. त्यातलं काही खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. तिकडे मागच्या खोलीत, ठरल्याप्रमाणे, पराडकर उरलेल्या शिंपल्या कापत होता. वीज बंद झाल्यावर त्या तशाही राहणार नव्हत्या, म्हणून त्यांचे तुकडे गोठवून ठेवायचे होते. तुकड्यांतून पुन्हा शिंपली उभी करायची विद्या अजून कुणाला आलेली नाही, पण टाकवत नाही म्हणून ठेवायचे.

पहिला महिना बरा गेला. मग मेथरांच्या लक्षात आलं की लाजरीची झालर फिकी दिसतेय.

बंदसागराच्या छताची काच आतून सारखी हिरवी व्हायची, म्हणून तिथे एक पुसणारा यंत्रहात बसवला होता. तो सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे आणि परत येई, दिवस असेपर्यंत. मेथरांना हे माहीत होतं. नकाशावर सही त्यांचीच होती. आता ते काचेपाशी बसून बघू लागले. यंत्रहात आला, सावली पडली, लाजरी खटकन मिटली. हात गेला. लाजरी मिटलेलीच. बऱ्याच वेळाने फट दिसली, झालरीचा काठ भीत भीत बाहेर आला, जरा पसरतोय तोवर हात परत. खटकन.

कितीदा तरी हे बघितल्यावर त्यांना उमगलं. हिला उजेड मिळतच नव्हता. टाकीत ऊन नुसतं ओतलेलं होतं आणि ही त्यात दार लावून उपाशी बसली होती.

"होईल सवय," ते स्वतःशी म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं.

त्यांनी यंत्रहात थांबवला. लाजरी उघडली, सगळ्यांनी निःश्वास सोडला. दोन दिवसांत काच गच्च हिरवी झाली आणि उजेडच आत येईना. हात सुरू केला, तर लाजरी मिटली. हात फक्त रात्री चालवावा, तर दुपारपर्यंत काच पुन्हा धुरकटे, आणि उघड्या लाजरीवरून एखादा ढग गेला तरी पुरे होई. झालरीचा निळा गेला, जांभळा गेला. ती पांढरी पडत होती. बिऱ्हाडी शेवाळ घर सोडून चाललं होतं.

शेवटी मेथरांनी पुण्याला फोन केला. रेडकर दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी यायला नको होतं खरं तर, पण आल्या. काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बाई, हिला शिकवता येईल का?"

"नाही. तुम्ही हिला तेवढ्यासाठीच निवडलंत ना, की ही शिकत नाही." आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते आणखी झोंबलं. "सगळ्यांवरून तोच हात फिरवलात. ज्यांना अक्कल होती त्यांनी तो ओळखला आणि नापास झाल्या. जिला ओळखता आला नाही ती पहिली आली."

मेथरांनी काचेकडे पाठ केली. मग म्हणाले, "थोरली जिती होती, हे अजून तरी कुणी सिद्ध केलेलं नाही."

हे त्यांनी का म्हणावं? एवढं एकच टेकायला उरलं होतं म्हणून. थोरली खरोखर आतून मेलेली असेल, तर निदान निवड चुकली तरी गुन्हा झाला नव्हता.

पराडकर मागे उभा होता. त्याने घसा खाकरला.

"सर. ती मिटली होती."

"कोण?"

"थोरली. कापायला घेतली तेव्हा." पराडकर खाली बघत होता. "परातीत पाणी घालून ठेवली होती. वरचा दिवा लावला, सुरी पुढे नेली. सुरीची सावली पडली तशी खटकन मिटली. सुरीचं टोक आत अडकलं. मी आणि शेजारच्या टेबलावरचा कांबळी, दोघांनी ओढलं तरी सुटेना. एवढी ताकद होती तिच्यात."

"मग?"

"मग पकड आणली, सर."

मेथरांनी खुर्चीची पाठ धरली. खोलीत यंत्रहाताची घरघर तेवढी येत होती. "तेव्हा टाकीचं झाकण बसलं होतं?"

"नाही सर. तुमचं भाषण चाललं होतं. सांधे नंतर वितळवले."

"तू तिथे उभा होतास, पराडकर. बाईंनी सांगितलेलं सगळं तू ऐकलं होतंस. ती मिटली म्हणजे काय, हे तुला कळत होतं. दहा पावलांवर मी होतो. सांगितलं का नाहीस?"

पराडकरने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही काट मारायला सांगितलं होतं, सर." तो थांबला. मग जे त्याच्या पोटात इतके दिवस होतं ते हळूच बाहेर आलं. "बाईंनी सांगितलं होतं तुम्हाला. त्यांचं काय झालं ते बघितलं होतं आम्ही."

मेथरांनी शिंपली जशी निवडली तशीच माणसंही निवडली होती, आणि दोन्हीकडे कसोटी उत्तम लागू पडली होती.

रेडकर दारापाशी गेल्या. पितळी पाटीखाली थांबल्या, ती वाचली.

"मेथर, तुमची आई तिसऱ्यांचं सार करायची, तेव्हा तुम्ही चुलीपाशी असायचात?"

"नाही. मी घमेल्यापाशी असायचो. नंतर खेळायला पळायचो. थेट जेवायला."

"तरीच. पाटीवर निम्मंच आहे. आमच्या घरी पुढचं चुलीपाशी सांगायचे, आणि ते पोरींच्याच कानावर पडायचं. पातेलं उकळलं की सगळ्या तिसऱ्या उघडतात. तेव्हा जी उघडत नाही, तीसुद्धा टाकायची असते. ती खाल्ली तर माणूस आजारी पडतो." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "तुमच्या ताटात तसली कधी आली नसेल. आईने आधीच वेचून टाकलेली असणार."

त्या गेल्या. बस चुकायला नको होती.

मेथर संध्याकाळपर्यंत बंदसागरापाशी बसून राहिले, आपली सावली काचेवर पडणार नाही इतके लांब. आई मिटलेल्या तिसऱ्या कुठे टाकत असेल, परसात की कोंबड्यांना, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. पण त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. आईचं जे त्यांना ठाऊक होतं ते घमेल्यापासून ताटापर्यंत, मधली चूल त्यात नव्हती. त्यांना रडू आलं. आत लाजरी घट्ट मिटून बसली होती.

मग ते उठले आणि बोळातून निघाले. काचांवरून सावली सरकली, एकेका खोलीत खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज आले. मोठ्या खोलीत ते शिरले तेव्हा सगळे उभे होते. पराडकर, कांबळी, नवीन घेतलेल्या दोघी.

"बसा," मेथर म्हणाले.

कुणी बसलं नाही.

"मला काही विचारायचंय. या केंद्रात आणखी काय काय चुकतंय, जे मला ठाऊक नाही? कुणीही सांगा. मी कुणाला काही करणार नाही. सांगा."

सगळे ताठ उभे राहून त्यांच्याकडे बघत राहिले. मेथर एकेकाच्या चेहऱ्यापाशी थांबत पुढे गेले, शेवटच्या माणसापर्यंत. एकाचंही तोंड उघडलं नाही.